चौथीच्या वर्गाची कबुली

चौथीच्या मुलांची पहिलीच पापकबुली होती. ती कशी द्यायची ते दाखवायला लोपीस टीचर स्वतः आधी जाळीपुढे गुडघ्यावर बसल्या आणि कुजबुजल्या, “फादर, मी हेडमास्तरांना गाढव म्हटलं.”

हेडमास्तर म्हणजे जाळीपलीकडे बसून कबुली ऐकणारे फादर रेमेदियसच. त्यांनी मोठ्या मनाने क्षमा केली. पण पोर्तुगिजांच्या काळातल्या त्या चर्चमध्ये कुजबुजसुद्धा घुमायची.

मागून आलेल्या प्रत्येक पोराने तेच पाप सांगितलं. एकतीस वेळा क्षमा करता करता फादरचा घसा बसला.

शेवटची ज्युलियाना म्हणाली, “मी आईचा गूळ चोरून खाल्ला.”

फादरना भरून आलं. “हेडमास्तरांना गाढव नाही म्हटलंस, बाळा?”

“म्हटलं ना. पण खरं बोलणं पाप नसतं, असं तुम्हीच शिकवलंत.”