पेंटर

"वडील काय करतात?" कॅन्सरच्या नोंदणीसाठी वॉर्डात आलेल्या मुलीनं विचारलं.

"पानपट्टी," मुलगा म्हणाला, तसे दौलूकाका खाटेवर उठून बसले. "पानपट्टी आत्ता रं! सगळा जन्म कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवले, ते सांग की!"

मुलीनं लिहिलेलं खोडलं आणि हसून म्हणाली, "आम्हाला आयुष्यभराचंच काम हवं असतं, काका. सांगा."

किती तरी वर्षांनी कुणी तरी विचारत होतं. त्यांच्या नाकात टर्पेंटाइनचा वास दरवळला. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा. आदल्या दिवशी टॉकीजवर दोन मजली नायिका चढायची आणि खाली सायकली थांबायच्या. "तिची पापणी काढायची तर ब्रशला टोक पाहिजे. ते असं आणायचं," म्हणत त्यांनी मुलीचं पेन ओठांत धरून अलगद फिरवलं.

मुलीचं हसू मावळलं. "म्हणजे रंग पोटात जायचा?"

"रोजचाच." तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता त्यांना आपला आजार कुठून आला ते उमगलं. त्यांनी पेन तिच्या हातात परत ठेवलं.

"लिहू ना, काका? पुढच्या पेंटरांना उपयोग होईल."

"लिही. पण फ्लेक्स आल्यावर पेंटर राहिलेत कुठं?" ते म्हणाले आणि एकदम मुलाकडे वळले. "फोन लाव इस्माइलला. माझा जोडीदार अजून इचलकरंजीत ट्रकवर फुलं काढतोय. डॉक्टरचं ऐकायचा नाही तो, माझं ऐकंल."