शांत झालेला कॉम्प्युटर

धामापूरचा सर्वेश घरी बसून बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करायचा. पण कॉम्प्युटर तापला की आतले पंखे असे घोंघावायचे, की रेकॉर्डिंगमध्ये त्याच्यापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. शेवटी वैतागून त्याने कॉम्प्युटर पाण्यावर गार करायचं मनावर घेतलं. आधी पाणी गार करणारा रेडिएटर कॅबिनेटमध्ये मावेना. कॅबिनेट बदललं तर नळी आखूड पडली, आणि नळी जमली तेव्हा जोडातून पाणी ठिबकायला लागलं. मालवणच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "करंटच्या वस्तूत पाणी घालतस? खुळो झालस काय रे?"

अखेर एका सकाळी ठिबकणं थांबलं. पाणी फिरवणारा पंप सुरू झाला आणि खोलीत इतकी शांतता पसरली, की परसातल्या माडांची सळसळ ऐकू यायला लागली. सर्वेश हरखून माइकसमोर बसला. पहिलं पान संपायच्या आत आतल्या खोलीतून आईची हाक आली, "सर्वेश, आसस मा रे?"

"आसय गो आये."

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. पुन्हा तीच हाक. तिसऱ्या वेळी मात्र तो तणतणत आत गेला.

"आये, कित्याक सारखी हाक मारतस? माका काम करूक दी."

दृष्टी गेलेल्या आईने चाचपडत त्याचा हात धरला.


"आदी तुज्या मशीनचो आवाज येय रे, तेवा माका कळा, तू घरात आसस."