उठलेली पावलं

तळोद्याचा शब्बीर कल्हईवाला. लढाईपायी कथील महागलं, तसा तो भांड्यांचे पोचे काढत पाड्यापाड्यांवर फिरू लागला. भांडं उन्हात जरा फिरवलं की कुठे दबलंय आणि कुठे फुगलंय, हे त्याला नुसत्या सावलीवरून कळे.

त्या उतरत्या दुपारी कोरड्या नदीच्या पात्रात तो थबकला. समोरून त्याच्याच दिशेने अनवाणी पावलं आलेली दिसत होती, पण त्यांची सावली आत पडायच्या ऐवजी बाहेर पडली होती. पावलं वाळूत दबलेली नव्हती, वर उठलेली होती.

कल्हईचा भाता वाहायला मजुरीवर घेतलेला उदेसिंग मागून येत होता, त्याचाच शब्बीरला लगेच संशय आला. मघाशी पाणी बघायच्या निमित्ताने तोच पुढे येऊन गेला होता. भिववून सामान लांबवायचा डाव असणार.

"तूच करं ना हाई?"

"मी नई करं, शब्बीरभाई. हात नको लाऊ."

शब्बीरने मुद्दाम हात लावला. थापलेली वाळू बोट लागताच ढासळेल, असं त्याला वाटलं होतं. पण उंचवटा टणक होता, आणि कोमट.

चिडून तो वळला. उदेसिंग भाता टाकून पार काठावर जाऊन उभा होता आणि शब्बीरच्या पायांकडे बघत होता.

शब्बीरनेही खाली पाहिलं. पावलांची रांग त्याच्यापाशीच संपत होती. शेवटचं पाऊल डावं होतं. त्यापुढचं उजवं कुठेच दिसत नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या टाचेखालची वाळू हलली, आणि एकामागून एक पाच बोटं वर आली.