दिवाणी टाळं

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत सकवारबाईंचं शिलाईचं दुकान. त्याला त्यांच्या दिरानं, येसाजीनं, टाळं ठोकलं, तेव्हा त्या पोलीस ठाण्यात धावल्या.

इन्स्पेक्टर शिवकुमार यांनी कॉफी पाजून समजावलं, "अक्का, चोरी, मारामारी म्हणजे फौजदारी. ते आमचं काम. टाळं म्हणजे जागेचा वाद, तो दिवाणी. कोर्टात जा. पंधरा-वीस वर्षं लागतील, स्वल्प धीर धरा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी येसाजीच्या दुकानाला तसंच टाळं ठोकलं. चहाला उकळी फुटायच्या आत जीप दारात. शिवकुमार खाली उतरले, येसाजी पुढच्या सीटवर बसून राहिला.

"अक्का, चला ठाण्यात. ही फौजदारी आहे."

"अहो सर, काल तर टाळं दिवाणी होतं!"

 

"काल तक्रार तुमची होती."