तक्रार, एक

झेबानं नुसती मान हलवली असती तरी फायदाच फायदा होता. पाणीयोजनेच्या ऑफिसात पक्की नोकरी, रखडलेल्या पीएच.डी.ला एक भरभक्कम प्रकरण, आणि अब्बांनी जालन्याच्या त्या स्थळाचं नाव वर्षभर तरी काढलं नसतं. बदल्यात फक्त एक बटण दाबायचं होतं.

तिनं बनवलेला प्रोग्राम मजकूर वाचायचा आणि सारख्या अर्थाचा मजकूर हुडकून काढायचा. बिडकीन रस्त्यावरच्या नव्या वसाहतीतल्या चार हजारांवर तक्रारी तिनं त्यात भरल्या होत्या. काही रीतसर अर्जासारख्या, काही सरळ: "नळाला नुसती हवा येती. हवेचं बिल लावता काय?" अर्थ एकच. पाणी नाही.

योजनेचे प्रमुख सर्जेराव साहेब त्यावरच खूश होते. "समदे एकच बोलतेत ना? मग एकच ठेव. बाकीच्या नक्कल म्हणून उडव." तक्रार निवारणाच्या बक्षिसासाठी तपासणीचे पाहुणे समोर बसले होते. साहेबांनी नवा कोट चढवला होता, तोही एप्रिलात.

झेबानं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: तक्रार, एक. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुणी न सांगता तिनं तोच नियम शेजारच्या फायलीला लावला. ऑफिसातला सगळा मजकूर साहेबांनीच तिला दिला होता. ही फाईल पाणीपट्टीच्या पावत्यांची. नावं सोडली तर सगळीकडं तेच शब्द, तीच रक्कम. पडद्यावर उमटलं: पावती, एक.

साहेब खुर्चीतून उडालेच. "अगं ए बाई! सात हजार घरांनी येगळी-येगळी भरलीय ती! एक कशी होईल?"

"मग साहेब, तहानलेली घरं तेवढी एक कशी झाली?"

पाहुण्यांनी पेनं बंद करून खिशात घातली. साहेब दात आवळून म्हणाले, "नोकरीचं इसर आता."

"इसरले," झेबा म्हणाली, आणि उडवलेल्या सगळ्या तक्रारी तिनं पडद्यावर परत आणल्या.

साहेबांचं बक्षीस हुकलं, पगार चालू राहिला. तक्रारी पुन्हा चार हजारांवर गेल्या. त्या सगळ्यांच्या वतीनं किंमत मोजणारी मात्र, साहेबांच्याच नियमानं, एक.