अर्धा तांबडा कोल्हा

"हात खाली घे, चिमे," दादा कुजबुजला. "घर विकायचंय का?"

चिमीने हात आणखी वर केला. सत्तरी ओलांडली तरी घरात ती चिमीच होती आणि मोठ्या भावाचं न ऐकण्याची सवय तेवढीच जुनी होती.

लिलावाच्या दालनात आता दोघंच मैदानात उरले होते, चिमी आणि संग्रहालयाचे प्रोफेसर. बाकीचे माना वळवून मजा बघत होते. टेबलावर व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांतलं मुलांचं पुस्तक होतं. पहिली आवृत्ती, पानोपानी कोल्ह्यांची चित्रं. चिमीची दोन कपाटं त्या काळातल्या सचित्र पहिल्या आवृत्त्यांनी ठासून भरली होती. नेमकं हेच नव्हतं. तशी त्याची कोरी करकरीत प्रत दोनदा चालून आली होती, पण दोन्ही वेळा तिने नाक मुरडलं होतं.

ही प्रत वेगळी होती. छापील काळी-पांढरी चित्रं हिच्यात जलरंगांनी रंगवलेली होती. खुद्द चित्रकारानेच ती रंगवली, असं प्रोफेसरांनी लांबलचक लेख लिहून ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून सगळे संग्राहक तिच्यावर टपून होते.

"शेवटचा कोल्हा बघा," लिलावाआधी प्रोफेसर ज्याला त्याला सांगत होते. "अर्धा तांबडा, अर्धा कोरा. कुठे थांबायचं हे थोर कलावंतालाच कळतं! मी तर हे काचेच्या पेटीत ठेवणार. पुन्हा कुणाचं बोट लागायला नको."

ते ऐकताच चिमीने पदर खोचला होता. एकदा पेटीत गेलं की कायमचं गेलं. दादा मात्र खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाला होता.

प्रोफेसरांनी बोली वाढवली. चिमीनेही वाढवली. प्रोफेसरांनी घाम पुसत शेजारच्या विश्वस्तांकडे पाहिलं. विश्वस्तांनी सरळ नकार दिला.

हातोडा पडला. पुस्तक चिमीचं झालं.

तिला नाचावंसं वाटलं, पण गुडघे ऐकणार नव्हते. मग तिने दादाच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"जपा हो बाई," प्रोफेसर पडेल चेहऱ्याने म्हणाले. "थोर हाताचं काम आहे ते."

"आहेच मुळी," चिमी म्हणाली.

घरी आल्यावर दादाने मुकाट्याने खिडकी उघडली, टेबल पुसलं आणि वाटीत पाणी आणून ठेवलं. चिमीने शेवटचं पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि ब्रश ओला केला.

"या खेपेला आईकडे चहाडी केलीस आणि पुस्तक पुन्हा रद्दीत गेलं तर याद राख, दादा," असं म्हणून ती सहाव्या वर्षी कान धरून उठवल्यामुळे अर्धा राहिलेला कोल्हा पुरा करायला बसली.