दुसरी विहीर

हेडमास्तर उत्तरेश्वर गुरुजींनी नव्या पोरीपुढं तिसरीचं मराठीचं पुस्तक धरलं. ती नुसतीच बघत राहिली.

"पहिलीत बसवा हिला," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी दाखल्याचं रजिस्टर पुढं ओढलं.

केसरबाईंनी नातीचा हात धरला. "पहिलीत? नऊ वर्साची घोडी हाय, गुरुजी. बारक्या पोरांत बसायची न्हाई ती. त्यापरीस यंदा उसाच्या फडातच ऱ्हाऊ द्या. आईला मोळ्या बांधू लागंल."

सत्यशीलाबाई पुढं झाल्या. तिसरीचा वर्ग त्यांचा. कोयता हाती आला की पेन्सिल सुटते, हे शिरूर कासारात बारा वर्षं शिकवून त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

"संस्कृती, कारखान्यावर शाळेत जायचीस का गं?"

"दोन हंगाम गेलते. कारखाना कानडी मुलखात, शाळाबी कानडीच."

गुरुजी हसले. "कानडी अक्षरांच्या जिलब्या इथं काय कामाच्या, बाई?"

सत्यशीलाबाई तरातरा रस्ता ओलांडून गेल्या आणि समोरचे दुकानदार मन्मथप्पा यांना घेऊन आल्या. अप्पांचं आजोळ बिदरकडचं. कानडी त्यांना वाचता यायची. त्यांनी सोबत उदबत्तीचा पुडा आणला होता. त्यावर सगळं कानडीत छापलेलं.

संस्कृतीनं पुडा उलटसुलट करून धडाधडा वाचून काढला.

"मलाबी इतकं सरसर वाचता येत न्हाई," अप्पा म्हणाले.

"वाचायला येतंय तिला, गुरुजी. फक्त आपलं पुस्तक येत नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "एका विहिरीत पोहायला शिकलेलं पोर दुसऱ्या विहिरीत बुडत नसतं. दिवाळीपर्यंत मराठी वाचायला लावते. नाही वाचलं, तर मी बसते पहिलीत."

"तसं कागदावर कसं दाखवायचं, बाई?"

बाईंनी पोरीच्या हाती खडू दिला. "तुझ्याबद्दल लिही. तुला येतं तसं."

संस्कृतीनं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी चष्मा पुसला आणि मराठीत सांगितलं:

"माझं नाव संस्कृती. मी तिसरीत आहे."

केसरबाईंनी नातीचा हात कधी सोडला होता, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी पेनाचं टोपण काढलं, रजिस्टरातल्या इयत्तेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन गुरुजींपुढं धरलं.

"तिनं तिचं लिहिलं, गुरुजी. आता तुम्ही तुमचं लिहा."